जड पाणी आणि घरची मोरी

सोलापुरांत सात रस्त्याच्या आसपास राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे दिवाळीस जाण्याचा योग आम्हांस मध्यंतरीं आला. नरकचतुर्दशीची पहाट होती. तेल लावून झालें होतें, उटण्याचा वास घरभर दरवळत होता आणि वडील मंडळींचीं स्नानें आटोपून मुलांची पाळी यावयाची, तोंच मोरींतील पाणी खालीं उतरण्याऐवजीं वर चढूं लागलें. बघतां बघतां न्हाणीघराचा उंबरठा ओलांडून तें स्वयंपाकघराकडे निघालें. नरकासुर मारण्याच्या मुहूर्तावर नरकच घरांत आला, असें म्हणून मुलें हंसलीं. यजमानीणबाईंना मात्र हंसूं आलें नाहीं. सणाच्या दिवशीं माणूस मिळणें कठीण. तरी तासाभरानें एक वयस्क प्लंबर आले. त्यांनीं मोरीवरची जाळी काढली, खालच्या भांड्यांत हात घातला आणि मूठभर पांढुरका, चिकट, लोण्याहून घट्ट व चुन्याहून मऊ असा गोळा काढून वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवला. "वहिनी, ही घाण नाहीं," ते म्हणाले, "हा साबण आहे अन् तुमच्या बोअरचं पाणी आहे. दोन्ही मिळून असं होतं." जातां जातां त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली: "घरांतलं मी काढलं. पण रस्त्यावरच्या चेंबरांत तुंबलं असतं तर मी उतरलों नसतों; तुम्हीहि कुणाला उतरवूं नका."

हे दोन उद्गार आमच्या मनांत घर करून राहिले. पहिल्यांत रसायनशास्त्र आहे, दुसऱ्यांत समाजशास्त्र आहे. आणि दोहोंस जोडणारा जो दुवा, तो इतिहासाचा आहे. हा इतिहास आमच्या ग्रंथांतून फारसा आढळत नाहीं. तळें खणणाराचा शिलालेख होतो, धरण बांधणाराच्या नांवाची पाटी लागते, नळ आणणाराचा सत्कार होतो. परंतु घरांत आलेलें पाणी बाहेर कसें गेलें, वाटेंत तें कां अडलें आणि तें मोकळें करण्यासाठीं कोणाचा हात आंत गेला, याची नोंद ठेवण्याची आम्हांस संवय नाहीं. सोलापूरच्या निमित्तानें ही उपेक्षित बाजू वाचकांपुढें मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम पाण्याची जात पाहूं. सोलापूर ज्या काळ्या कातळावर वसलें आहे, तो दख्खनचा अग्निजन्य खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या घटकांत कॅल्शियम व मॅग्नेशियम हीं दोन द्रव्यें मुबलक असतात. पावसाचें पाणी हवेंतील आणि मातींतील कार्बन डायॉक्साइड शोषून किंचित् आम्लधर्मी होतें व खडकाच्या भेगांतून मुरत असतां हीं द्रव्यें आपल्यांत विरघळवून घेतें. काळ्या रानांत नांगराच्या फाळाला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे हें याच क्रियेचें डोळ्यांना दिसणारें फळ होय. जेथें पाऊस पुष्कळ, तेथें हे क्षार धुवून समुद्रास मिळतात. सोलापूरसारख्या अवर्षणाच्या मुलुखांत पाऊस थोडा आणि ऊन फार. म्हणून ते जमिनींत व विहिरींत सांठून राहतात. कोंकणांतला मनुष्य सोलापुरास येऊन प्रथम विहिरीच्या पाण्यानें अंग धुतो, तेव्हां साबण कितीहि घांसला तरी फेस धरीत नाहीं म्हणून चकित होतो, त्याचें कारण हेंच.

शास्त्रीय परिभाषेंत अशा पाण्यास 'दुष्फेन' म्हणतात. परंतु ही परिभाषा जन्मास येण्याच्या किती तरी आधीं आमच्या बायकांनीं पाण्याची परीक्षा केलेली होती. जड पाणी, हलकें पाणी, मचूळ पाणी, खारें पाणी असे भेद त्यांच्या बोलण्यांत नित्य येत. त्यांची कसोटी तुरीच्या डाळीची. ज्या आडाच्या पाण्यांत डाळ लवकर शिजून एकजीव होई तें हलकें. जेथें ती तासभर रटरटूनहि आख्खी राही तें जड. या समजुतींत खुळेपणा यत्किंचित् नाहीं. डाळीच्या पेशींना परस्परांशीं जोडून धरणारें पेक्टिन नांवाचें जें द्रव्य असतें, त्याच्याशीं पाण्यांतील कॅल्शियम संयोग पावतें व तें अधिक घट्ट होतें. म्हणून दाणा फुटत नाहीं. प्रयोगशाळेंत हें सिद्ध होण्यापूर्वीं चुलीपुढें सिद्ध झालेलें होतें.

आतां जुन्या घराची मोरी डोळ्यांपुढें आणावी. घराच्या मागील अंगास फरसबंदी न्हाणी, तिच्या कोपऱ्यांत दगडी कट्टा, भिंतींत एक भोंक आणि पलीकडे परसूं. न्हाणीचें पाणी त्या भोंकांतून उघड्या पाटानें अळूच्या वाफ्यांत किंवा केळीच्या आळ्यांत जाई. त्यास नळी नव्हती, वांक नव्हता, झांकण नव्हतें; तुंबावयाचें तें काय? भांडीं राखेनें घांसलीं जात, म्हणून त्यांवरचें तूप-तेल राखेंत शोषलें जाऊन उकिरड्यावर पडे. केंस शिकेकाईनें आणि नाजूक वस्त्रें रिठ्यानें धुतलीं जात. अंगास डाळीचें पीठ लागे. रिठा व शिकेकाई यांची निवड किती मार्मिक होती, हें आज रसायनशास्त्रामुळें कळतें. त्यांना फेस आणणारें सॅपोनिन नांवाचें द्रव्य साबणाप्रमाणें कॅल्शियमशीं मिळून गोठत नाहीं. जड पाण्यांतहि तें फेसाळतें आणि मागें चिकट साका ठेवीत नाहीं. साबणास न मानवणारें दख्खनचें पाणी या फळांना मानवलें होतें.

तथापि जुन्या व्यवस्थेचे गोडवे गातांना लेखणीस लगाम घालणें अवश्य आहे. परसांत पाणी जिरलें तें परस असणारांचें. ज्यांना परस नव्हतें त्यांच्या दारांतच तें सांचून राही. आणि जें पाण्यानें वाहून जात नसे, तें माणसाच्या डोक्यावरून जाई. शौचकूपांतील मैला वाहण्याचें काम जन्मावरून ठरविलेल्या जातींच्या माथीं मारलेलें होतें. आणि ज्यांच्यामुळें गांव स्वच्छ राही त्यांनाच गांवच्या आडावर पोहरा टाकण्याची बंदी होती. जुनी मोरी तुंबत नसे हें खरें; पण तिच्या स्वच्छतेचा हिशेब पुरा मांडावयाचा तर ही बाकीहि त्यांत लिहिली पाहिजे.

मोरीकडून मोठ्या जलमार्गांकडे वळलें म्हणजे जुन्या कारागिरांचें आणखी एक शहाणपण दृष्टीस पडतें. सोलापुराहून दक्षिणेस निघालें कीं शंभर किलोमीटरांच्या सुमारास विजापूर लागतें. मुहम्मद आदिलशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १६५१ मध्यें, तेथें बेगम तलाव बांधला गेला व त्यांतील पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून शहरांत आणिलें गेलें. त्या वाटेवर जागजागीं उंच चौकोनी मनोरे उभे आहेत; त्यांस 'गंज' म्हणतात. नवख्या प्रवाशास ते पहाऱ्याचे बुरूज वाटतात. वस्तुतः नळांतील पाण्याचा दाब मोडणें आणि पाण्याबरोबर आलेला गाळ तळाशीं बसूं देणें, हें त्यांचें काम होतें. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजहून जें पाणी आणलें, त्याच्या भुयारी मार्गावरहि आंत उतरतां येईल असे उच्छ्वास ठेविलेले आहेत. याहून कितीतरी मागें जाऊन मोहेंजोदडोचीं गटारें पाहिलीं, तर त्यांवर उचलून काढतां येतील अशीं विटांचीं झांकणें आणि मध्यें मध्यें गाळ धरून ठेवणारे खड्डे आढळतात. देश वेगळे, काळ वेगळे. पण विचार एकच. वाहतें पाणी केव्हां ना केव्हां अडणारच. तेव्हां तें कोठें अडावें हें आपण आधींच ठरवावें आणि त्या जागीं सहज हात पोंचेल अशी सोय ठेवावी.

एकोणिसाव्या शतकांत सोलापूरचें रूप पालटलें. या गांवास पाण्याचें अगत्य नवें नव्हतें. बाराव्या शतकांत शिवयोगी सिद्धरामेश्वरांनीं खणविलेलें तळें आजहि शहराच्या मध्यभागीं आहे. परंतु १८५२ मध्यें नगरपालिका स्थापन झाली, १८६० मध्यें आगगाडी येऊन पोंचली, आणि कापसाच्या व हातमागाच्या या पेठेस कारखान्याच्या शहराची कळा येऊं लागली. शहराच्या उत्तरेस आदिला नदीवर मैलाहून अधिक लांबीचा बांध घालून १८६६ ते १८७१ या काळांत एकरुखचा तलाव, म्हणजेच लोकांच्या तोंडचा हिप्परग्याचा तलाव, तयार झाला. १८७७ मध्यें जुनी गिरणी सुरू झाली, आणि तिच्या मागून एकापाठोपाठ एक गिरण्या उभ्या राहिल्या.

आगगाडीचें इंजिन आणि गिरणीचा बॉयलर या दोघांनाहि जड पाण्याचें वांकडें. पाणी उकळलें म्हणजे त्यांत विरघळलेल्या चुन्याचा कांहीं भाग दगडासारखा कठीण होऊन बॉयलरच्या आंतल्या अंगास चिकटतो. तो थर उष्णता पाण्यापर्यंत पोंचूं देत नाहीं. कोळसा अधिक लागतो, पत्रा भाजून निघतो आणि प्रसंगीं बॉयलर फुटण्याचें भय उत्पन्न होतें. म्हणून वाफेच्या युगांत पाण्याच्या जडपणाचें मोजमाप हा इंजिनियरांच्या नित्य अभ्यासाचा विषय झाला. घरच्या बंबाच्या पोटांत बसणारा थर याच जातीचा. पण तो कोणी मोजला नाहीं. तो खरवडण्याचें काम घरांतल्या बायकांकडे राहिलें.

पाणी घरांत आणण्याची जेवढी घाई झाली तेवढी तें बाहेर नेण्याची झाली नाहीं, हा त्या शतकाचा सार्वत्रिक अनुभव आहे. मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० मध्यें आलें. त्या पाण्याला पुरेल अशी भुयारी गटारांची व्यवस्था उभी राहण्यास त्यानंतर कित्येक वर्षें लागलीं. खुद्द लंडनमध्यें घरोघरचे शौचकूप पाण्यानें धुतले जाऊन तें सारें टेम्स नदीस मिळूं लागलें, आणि १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीकांठच्या पार्लमेंटांत सभासदांना दुर्गंधीमुळें बसणें अशक्य झालें, तेव्हां कोठें बॅझलगेट या इंजिनियराच्या हातीं गटारांची मोठी योजना सोंपविली गेली. आमच्या देशांतल्या बहुतेक गांवांनीं आधीं नळ घेतला, मग रस्त्याच्या कडेस उघडें गटार खणलें आणि तें झांकण्याचा विचार फार उशिरां केला.

याच सुमारास घरांत एक नवा पाहुणा आला, तो साबण. इंग्लंडांत तयार झालेल्या सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ मध्यें कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. पुढें स्वदेशीच्या काळांत, १९२० च्या आगेमागें, वनस्पति-तेलांपासून केलेला गोदरेजचा साबण बाजारांत आला व ज्यांस चरबीचा विटाळ वाटे त्यांचीहि अडचण दूर झाली. रिठा, शिकेकाई व डाळीचें पीठ हळूहळू सणावारापुरतें उरलें. साबण ही वस्तु खरोखर उपकारक आहे; रोगराई रोखण्यांत तिचा वांटा मोठा आहे, आणि ती सोडावी असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. परंतु ती जड पाण्याची सोबतीण नव्हे, ही गोष्ट तिच्या जाहिरातींत सांगितलेली नसते.

साबण आणि जड पाणी एकत्र आलीं म्हणजे काय होतें तें आतां पाहूं. साबण म्हणजे तेला-चरबींतील आम्लें व सोडियम यांचा पाण्यांत विरघळणारा संयोग. पाण्यांत कॅल्शियम असलें म्हणजे तें सोडियमला हुसकून त्याची जागा घेतें आणि न विरघळणारा चिकट पदार्थ बनतो. हाच तो प्लंबरनीं कागदावर ठेविलेला गोळा. पाण्यांतील सर्व कॅल्शियम अशा रीतीनें खर्चीं पडेपर्यंत फेस येत नाहीं. एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरास २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरें पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आपण मधला, ३०० चा आंकडा धरूं. अशा पाण्याची २० लिटरांची एक बादली नुसत्या साबणानें पुरती हलकी करावयाची तर ३५ ते ४० ग्रॅम साबण फुकट जातो आणि जवळजवळ तितक्याच वजनाचा साका तयार होतो. व्यवहारांत बादलींतल्या सर्व पाण्याशीं साबणाची गांठ पडत नाहीं. चौथा हिस्साच धरला तरी चौघांच्या घरांत महिनाभरांत किलोभर साका मोरींत जातो. त्यांतला बराचसा वाहून जातो. जो राहतो, तो केंस, सूत व तेल यांना धरून नळीच्या भिंतीवर थर देतो.

या उधळपट्टीकडे युरोपचें लक्ष आधींच गेलें होतें. ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे अध्यापक टॉमस क्लार्क यांनीं १८४१ मध्यें जड पाणी हलकें करण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. ती युक्ति ऐकून आमच्या वाचकांना कांट्यानें कांटा काढण्याची म्हण आठवेल. पाण्यांतला चुना काढण्यासाठीं त्यांनीं पाण्यांत मोजका चुनाच घातला. विरघळलेल्या बायकार्बोनेटाशीं त्याचा संयोग होऊन दोन्ही चुने न विरघळणाऱ्या खडूच्या रूपानें तळाशीं बसतात. १८५० मध्यें लंडनच्या पाण्याविषयीं अहवाल लिहितांना एडविन चॅडविक व त्यांचे सहकारी यांनीं जड पाण्यापायीं वायां जाणाऱ्या साबणाचा हिशेब मांडून हलक्या पाण्याचा पुरस्कार केला. लंडननें तो सल्ला मानला नाहीं. त्याचें एक फळ २०१७ मध्यें त्या शहराच्या व्हाइटचॅपल भागांत सांपडलें: भुयारी गटारांत २५० मीटर लांबीचा व १३० टन वजनाचा चरबीचा कठीण लगदा. अशा लगद्यांच्या पृथक्करणांत आढळणारें एक मुख्य द्रव्य म्हणजे हाच कॅल्शियमचा साबण. सात रस्त्यावरच्या त्या मूठभर गोळ्याचा हा थोरला भाऊ म्हणावयाचा.

सोलापुराकडे परत येऊं. १९६४ मध्यें येथें महानगरपालिका झाली. १९८० मध्यें भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें आणि पुढें तेथील पाणी लांबच लांब नळांतून शहरांत आलें. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ९,५१,५५८ भरली. उजनी दूर, शहर मोठें. त्यामुळें नळाचें पाणी कित्येक वर्षें तीन-चार, प्रसंगीं पांच दिवसांआड येण्याचा अनुभव सोलापूरकरांनीं घेतला. ज्यांना शक्य होतें त्यांनीं अंगणांत बोअर घेतली. धरणांतलें पाणी बहुतांशीं जमिनीवरून वाहून आलेलें, म्हणून त्यामानानें हलकें; बोअरचें पाणी कातळांत दीर्घ काळ मुरलेलें, म्हणून जड. नळाच्या पाण्याचा दुष्काळ जों जों वाढला, तों तों मोरींत जड पाणी अधिक जाऊं लागलें. पाणीटंचाईचें गाऱ्हाणें सगळ्यांनीं ऐकलें आहे. मोरी तुंबण्याचें गाऱ्हाणें त्याच गाऱ्हाण्याचें दुसरें टोंक आहे, हें मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

मोरीहि आतां बदलली आहे. परसांत उघडणारें भोंक गेलें आणि जाळीखालीं पाणी धरून ठेवणारें भांडें आलें. लंडनचा एक घड्याळजी, अलेक्झांडर कमिंग, यानें १७७५ मध्यें शौचकूपाखालच्या नळीला वांक देऊन त्यांत पाणी अडवून धरण्याचें पेटंट घेतलें. वांकांत राहिलेलें तें पाणी गटारांतील दूषित वायूंना घरांत येऊं देत नाहीं. याच तत्त्वाच्या आमच्याकडील मोरीच्या भांड्यास इंजिनियर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आमच्या आजीबाईंची न्हाणी अशा रीतीनें बांधकामशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत जाऊन बसली, याचें कौतुक वाटतें. विजापूरच्या गंजाचें तत्त्व येथेंहि आहे. नहाणी ट्रॅप ही गाळ अडण्यासाठीं मुद्दाम निवडलेली, हाताच्या टप्प्यांतली जागा आहे. आपण ती उघडीत नाहीं आणि मग तुंबली म्हणून कारागिरास दोष देतों.

आतां त्या दुसऱ्या उद्गाराकडे वळूं. मोरींतून सुटलेला साका रस्त्याखालच्या गटारांत जातो व तेथें तेल, चिंध्या, प्लास्टिक यांच्याशीं मिळून बसतो. पाणी अडतें, कुजतें आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथेन असे वायु सांचतात. प्राणवायु उरत नाहीं. यांपैकीं हायड्रोजन सल्फाइड विशेष घातक आहे. त्याचें प्रमाण वाढलें म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, आणि उतरलेल्या माणसास धोक्याची सूचना मिळत नाहीं. एक कोसळतो, त्यास काढण्यास दुसरा उतरतो, तोहि परत येत नाहीं. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतों आणि पान उलटतों.

या कामावरचा जातीचा शिक्का पुसावा म्हणून महाराष्ट्रांत झटलेल्या पुरुषांत कोंकणचे अप्पासाहेब पटवर्धन यांचें नांव अग्रगण्य आहे. १९३२ मध्यें रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां भंगीकाम आपणांस करूं द्यावें, अशी त्यांची मागणी होती. ती नाकारली गेल्यावर त्यांनीं अन्नत्याग आरंभिला आणि येरवड्यास गांधीजींनींहि त्यांच्यासाठीं उपवास केला. दुसऱ्याच्या माथीं मारलेलें काम आपण हातीं घेतल्याशिवाय त्याचा हीनपणा जाणार नाहीं, हें त्यांचें म्हणणें होतें. कायद्यानें हा प्रश्न फार उशिरां हातीं घेतला. १९९३ मध्यें एक कायदा झाला. २०१३ मध्यें दुसरा अधिक व्यापक कायदा झाला व संरक्षक साधनांवांचून कोणासहि गटारांत उतरविणें हा गुन्हा ठरला. १९९३ पासून गटारांत मृत्यु पावलेल्यांच्या कुटुंबांस प्रत्येकीं १० लाख रुपये द्यावे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें फर्माविलें. २०२३ च्या ऑक्टोबरांत ती रक्कम ३० लाख केली. नुकसानभरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थच असा कीं मरणें थांबलेलीं नाहींत. कायद्यानें उतरविणारास शिक्षा सांगितली आहे. पण उतरण्याची वेळ आणणारे आपण सारे गृहस्थ त्या कलमांत कोठेंच सांपडत नाहीं.

म्हणून घरांत काय करतां येईल, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. उपाय साधे आहेत. साबण लावून अंग धुण्यास नळाचें पाणी राखावें आणि बोअरचें पाणी फरशी व शौचकूप यांकडे वळवावें. धुण्यास बोअरचेंच पाणी घेणें भाग असल्यास रेशमी व लोंकरी कपडे वगळून इतरांसाठीं बादलींत पंधरा-वीस ग्रॅम धुण्याचा सोडा आधीं विरघळवावा आणि कांहीं वेळ थांबून मग साबण घालावा. म्हणजे चुना चिकट न होतां भुकटीच्या रूपानें वेगळा होतो. तेलकट भांडीं घांसण्यापूर्वीं पुसून घ्यावीं. आजीबाईंची राख नसली तरी जुना कागद चालतो. तळणाचें उरलेलें तेल मोरींत ओतूं नये. जाळी रोज झाडावी आणि नहाणी ट्रॅप पंधरवड्यास उघडून हातमोजे घालून स्वच्छ करावा. घर बांधतांना मोरीच्या नळीचा उतार डोळ्यांसमोर घालून घ्यावा. जुन्या इंजिनियरांचा ठोकताळा असा कीं चार इंची नळीस चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीस साठ फुटांत एक फूट उतार असावा; तेवढ्या वेगानें पाणी गेलें तर नळी आपली आपण धुतली जाते.

बाजारांत मिळणाऱ्या तीव्र द्रव्यांविषयीं मात्र सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. ॲसिड ओतल्यानें थर विरघळतो खरा. पण त्याबरोबर फरशीचा सिमेंटहि खातो आणि श्वासास अपाय होतो. ॲसिड व ब्लीचिंग पावडर हीं एकत्र आलीं तर क्लोरीन हा विषारी वायु सुटतो. बंद न्हाणीघरांत तो जिवावर बेतूं शकतो. कॉस्टिक सोडा चरबीचा साबण करतो, आणि जड पाण्यांत त्या साबणाचें पुढें काय होतें तें वर सांगितलेंच आहे.

पाणी हलकें करण्याचीं यंत्रें आतां घरोघर येत आहेत. त्यांच्या मूळ कल्पनेचा दख्खनशीं एक मौजेचा संबंध आहे. आमच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत झिओलाइट नांवाचे सुंदर स्फटिक सांपडतात. पुणें-नाशिककडचे असे स्फटिक जगांतल्या संग्रहालयांतून मांडलेले आहेत. या जातीच्या खनिजांना कॅल्शियम घेऊन सोडियम देण्याचा गुण असतो. १९०५ च्या सुमारास जर्मनींत रॉबर्ट गान्स यांनीं कृत्रिम झिओलाइट करून जड पाणी हलकें करण्याची रीत काढली, आणि आजचीं यंत्रें तिच्याच वंशांतलीं आहेत. ज्या खडकानें पाणी जड केलें, त्याच्याच पोटांत त्याचें औषध होतें. पण या औषधासहि पथ्य आहे. यंत्र पुन्हां पुन्हां मिठाच्या पाण्यानें धुवावें लागतें आणि तें खारें पाणी शेवटीं मोरीवाटे जमिनीस किंवा नदीस मिळतें. घरांतला जडपणा घालविला म्हणजे तो जगांतून गेला, असें होत नाहीं. आपण घराबाहेर टाकलेलें सर्व कोणाच्या तरी दारांत जातें.

त्या दिवाळीनंतर कांहीं महिन्यांनीं आम्ही पुन्हां सात रस्त्यावरच्या त्या घरीं गेलों. स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर प्रत्येक अमावास्येच्या व पौर्णिमेच्या चौकटींत पेन्सिलीनें 'मोरी' असें लिहिलेलें दिसलें, आणि त्याखालीं पाळीपाळीनें घरांतल्या माणसांचीं आद्याक्षरें होतीं. त्यांत यजमानांचें होतें, थोरल्या मुलाचें होतें, सुट्टींत आलेल्या जांवयांचेंहि होतें. यजमानीणबाईंचें मात्र कोठें दिसलें नाहीं. आम्हीं विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "माझी पाळी तीस वर्षें झाली."